लष्करी तळावरचे पाणी आणि वडिलांचा हट्ट

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. पर्यावरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या मुलीला लष्करी तळांवरून वाहणाऱ्या रसायनमिश्रित पावसाच्या पाण्यावरील प्रक्रिया या विषयात पुढे शिकायचे आहे आणि आपण तिला न विचारता व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरून मोकळे झाला आहात. तिचे गुण पुरतील का, असे आपण विचारता. मला गुणांची काळजी नाही. ‘गटाराच्या कामासाठी का हिला एवढे शिकवले’ हे आपले वाक्य तिला घरात रोज ऐकावे लागत असेल, याची आहे. हा विषय तिला का हवा आहे, याबद्दल आपल्या लांबलचक पत्रात एक ओळही नाही. आपण तिला ते विचारलेलेच नाही, असे दिसते.

‘पाऊस पडला की सगळे धुऊन जाते, त्यात शिकायचे काय’, असेही आपण लिहिता. धुऊन जाते ते कुठे जाते, हाच तर या विषयाचा प्रश्न आहे. अमेरिकेत केप कॉडवरील कॅम्प एडवर्ड्स या सरावक्षेत्रात आरडीएक्स हे स्फोटक आणि पर्क्लोरेट हा दारूगोळ्यात वापरला जाणारा क्षार पावसाबरोबर जमिनीत झिरपून भूजलात उतरले आणि १९९७ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दारूगोळ्याचा सराव थांबवायला लावला. आग विझवण्याच्या फेसातील पीफास, म्हणजे सहजासहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त मानवनिर्मित रसायने, काँक्रीटमध्ये मुरून राहतात आणि पुढे कित्येक पावसांत थोडेथोडे सुटत राहतात. त्यांतील पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांसाठी अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅम इतकी मर्यादा ठरवली, त्यामुळे पाण्यात मिसळून विष पातळ होईल यावर विसंबता येत नाही. शिवाय सक्रिय कार्बन आरडीएक्स आणि लांब साखळीचे पीफास धरून ठेवतो, पण पर्क्लोरेट त्याच्या हाती फारसे लागत नाही. त्यासाठी आयन विनिमयाचे रेझिन, म्हणजे पाण्यातले विद्युतभारित कण धरून बदल्यात दुसरे सोडणारे दाणे, किंवा प्राणवायूविना काम करणारे जिवाणू लागतात. त्यात हे पाणी महिनोन्महिने येत नाही आणि आले की तासाभरात लोंढा येतो, म्हणून आधी ते तलावात साठवून गाळ खाली बसवावा लागतो, नाहीतर कार्बनचा थर तुंबतो.

मुलीलाही एक स्पष्ट सांगावेसे वाटते. या कामाचा मोठा भाग नमुने आणि अहवाल यांत जातो, आणि तोही काटेकोरपणे: पीफासचा नमुना घेताना भर पावसातही जलरोधक लेपाचा रेनकोट टाळावा लागतो, कारण त्या लेपातलेच पीफास बाटलीत उतरू शकतात. नोकऱ्या बहुतेक सल्लागार संस्था, प्रयोगशाळा आणि प्रक्रिया संयंत्रे उभारणाऱ्या कंपन्यांत मिळतात. पदव्युत्तर प्रवेशासाठी ‘गेट’ ही परीक्षा द्यावी, पण त्याआधी विश्लेषणात्मक रसायनशास्त्र आणि जलविज्ञान पक्के करावे, कारण केवळ संयंत्राची रचना शिकलेल्याला पाण्यात नेमके काय आहे हे दुसऱ्याला विचारावे लागते.

भरलेला अर्ज मागे घ्यायचा की नाही, हे तिला ठरवू द्या. आणि पुढचे पत्र कृपया तिला स्वतः लिहू द्या.