चादरी वाटून झाल्या, आता मंडळीने काय करावे?

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची सभासद मंडळी, सोलापुरातली, जुनी. दर नाताळात आमचा तरुण संघ आणि महिला मंडळ स्टेशन व एसटी स्टँडच्या परिसरात उघड्यावर झोपणाऱ्यांना चादरी आणि जेवणाची पाकिटे वाटतात. मध्यंतरी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायावर संदेश दिला. परक्याला घरात घ्या असे प्रभू सांगतो आणि आपण त्याला रस्त्यावरच चादर देऊन परत येतो, असे ते म्हणाले. चर्चचा हॉल रात्री उघडावा असे त्यांचे मत आहे. तेव्हापासून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आम्हा पंचांमध्ये दोन तट पडलेत. दारू, चोऱ्या, बायकांची सुरक्षितता, शिवाय 'धर्मांतर करतात' असा आरोप होईल ही धास्ती. मला पाळकसाहेबांचे पटते, पण रात्री किल्ली कोणाच्या हाती द्यायची ते सुचत नाही.
— एक पंच, सोलापूर

उत्तर : भाऊ, सलाम. पाळकसाहेब बरोबर बोलले. हॉल उघडाच. फक्त सुरुवात डिसेंबरातल्या रात्रीने करू नका, एप्रिल-मेमधल्या दुपारने करा.

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. केसपेपरवर नावाच्या जागी 'अनोळखी' लिहिलेली माणसे माझ्याकडे यायची. त्यांच्याशी बोलून गाव, नातेवाईक शोधायचे हे माझे काम. सोलापूरची थंडी चादरीवर निभते, उन्हाळा निभत नाही. पारा चाळिशीच्या वर गेला की बाकावरून उठवलेल्या म्हाताऱ्या माणसाने जायचे कुठे? दुकानाच्या सावलीतूनही त्याला हुसकतात. ज्या शहरात घरातल्या नळालाच काही दिवसांआड पाणी येते, तिथे त्याला आंघोळीला बादलीभर पाणी कोण देणार? आणि आंघोळ नाही म्हणजे सगळेच अडते. वास येतो म्हणून रिक्षावाला घेत नाही, कामावर कोणी उभे करत नाही, ओपीडीच्या रांगेत शेजारचा नाक मुरडतो, मग तो रांगच सोडून निघून जातो. जखम चिघळते ती अशी. हे मी इतक्यांदा पाहिले आहे की मंडळीने काय द्यावे असे विचारले तर मी आधी न्हाणीघर म्हणेन.

तेव्हा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हॉल उघडा ठेवा. पंखे, माठ, ओआरएसची पाकिटे, संडास, न्हाणीघर, साबण, दाढीचे सामान. बायकांसाठी संडे स्कूलची खोली वेगळी. किल्ली मंडळीतल्या निवृत्त माणसांकडे, दोघादोघांच्या पाळीने. तुमच्या निम्म्या भीती दिवसाउजेडी आपोआप उतरतात. कोणी पिऊन आला तर आत घेऊ नका, पण बाहेर सावलीत बसवून पाणी द्या आणि उद्या या म्हणा. तो येतो, असा माझा अनुभव आहे.

हॉलमध्ये कुलपाचे एक लोखंडी कपाटही ठेवा. उघड्यावर झोपणाऱ्याची पिशवी चोरीला जाते, नाहीतर झाडलोटीत कचऱ्यात जाते. तिच्याबरोबर आधार कार्ड, केसपेपर, टीबीच्या गोळ्या, सगळे जाते. गोळ्या मध्येच तुटल्या की रोग औषधाला दाद देईनासा होतो. तुमच्या चादरींचेही असेच आहे. दिवसभर ती ठेवायची कुठे? म्हणून कोणी ती विकली तर राग धरू नका.

पाळीवर माणसे निवडताना भाषा पाहा. सोलापुरात रस्त्यावर आलेल्यांत कन्नड बोलणारे असतात, तेलुगू बोलणारे असतात. बोटे आखडून विड्या वळायच्या थांबलेली म्हातारी मराठीत 'बरी आहे' एवढेच सांगते, तिच्या भाषेत विचारले की मुलाने घराबाहेर काढल्याचे सांगते. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली तक्रार आठवा. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते, म्हणून सात जण नेमले गेले. तुम्ही पंच आहात, असे सात जण तुम्हीही नेमू शकता.

आरोपाची धास्ती मी हलकी समजत नाही. पोलीस ठाण्याला आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला आधी लेखी कळवा. हॉलमध्ये धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटू नका, जेवणाआधी कोणाला प्रार्थनेला उभे करू नका, फोटो काढू नका. शेजारच्या गल्लीतल्या इतर धर्माच्या लोकांनाही पाळीवर बोलवा. हे आरोपाच्या भीतीने करायचे नाही. तुमच्या पाळकसाहेबांच्याच अध्यायात ज्यांनी भुकेल्याला खायला दिले त्यांना आपण कोणाला देतोय याचा पत्ताही नव्हता. भुकेल्याचा विश्वास कोणता, हे तिथे कोणी विचारलेले नाही.

रात्रीच्या निवाऱ्याची जबाबदारी मात्र मुळात महापालिकेची आहे. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर चोवीस तास चालणारा निवारा हवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचे होते, म्हणजे नऊ-दहा निवारे झाले पाहिजेत. किती चालू आहेत, बायकांसाठी किती, हे मंडळीच्या लेटरहेडवर विचारा आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. तोवर संध्याकाळी पाचला कोणाला नुसते 'आता जा' म्हणू नका, चालू निवाऱ्यापर्यंत सोबत कोणीतरी जा.

दोन प्रसंगी स्वतः निर्णय घेऊ नका. एकटे मूल दिसले तर १०९८ ला फोन करा. मनाचे भान हरपलेले कोणी भटकताना दिसले तर पोलिसांना कळवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा माणसाला ताब्यात घेतल्यावर चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे त्यांना बंधनकारक आहे. तुमच्यातला एक जण बरोबर जाऊ द्या, कारण डॉक्टर विचारतील, 'याला ओळखणारे कोणी आहे का?'

या नाताळात महिला मंडळाने चादरींसाठी वर्गणी काढली तर थोड्याच चादरी घ्या. उरलेल्या पैशांतून पाण्याची टाकी बसवून घ्या, प्लंबर मार्चच्या आधी गाठा. आणि वाटायला जाल तेव्हा प्रत्येकाला नाव विचारून वहीत लिहा, दुपारी हॉलवर येणार का तेही विचारा.