नाशिकहून लंडनला जाताना दोन वर्षांच्या लेकीची कार सीट इथूनच न्यावी का?

हो, न्याच. फक्त आधी सीट उलटी करून लेबल बघा. गोलात ‘ई’ (E) आणि सोबत आर४४ (R44) किंवा आर१२९ (R129) हा सुरक्षा मानकाचा क्रमांक असेल तर ती ब्रिटनमध्ये चालते. (अमेरिकेत नाही, तिथलं मानक वेगळं.) ब्रिटनमध्ये वय १२ वर्षं किंवा उंची १३५ सेंमी, जे आधी होईल तोवर सीट सक्तीची. बहुतेक विमान कंपन्या ती फुकट नेतात, तरी विचारून घ्या.

आणि नाशिकहून निघताना ती डिकीत टाकू नका! कसारा घाट लेकीला त्यातच बसवून उतरा. आमचा मुलगा इगतपुरीआधीच गाढ झोपला होता. जाड स्वेटर काढूनच पट्टा आवळा. खांद्याजवळ पट्टा चिमटीत येता कामा नये.