‘रँक’ नव्हता तेव्हा इंग्रज काय म्हणत?

प्रश्न असा आला आहे : रँक, डिग्री, एस्टेट, डिग्निटी, स्टेटस हे सगळे शब्द फ्रेंच किंवा लॅटिनमधून आलेले, मग १०६६ च्या नॉर्मन स्वारीआधी (म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्याआधी) इंग्रजीत माणसाच्या दर्जाला शब्दच नव्हता का?

होता, आणि एक नव्हे, बरेच होते. माझ्या मते त्यांतला सर्वांत महत्त्वाचा ‘हाड’. (मराठी हाडाशी त्याचा काही संबंध नाही.) पद, दर्जा, अवस्था, व्यक्ती असे सगळे अर्थ या एका शब्दात होते. हजारेक वर्षांपूर्वी एल्फ्रिक नावाच्या विद्वान मठवासीने लिहिले आहे की चर्चमध्ये सात ‘हाड’ नेमलेले आहेत, म्हणजे द्वारपालापासून धर्मगुरूपर्यंतच्या सात पायऱ्या. याच एल्फ्रिकने लॅटिनचे व्याकरण इंग्रजीत समजावून सांगितले, तेव्हा प्रथम, द्वितीय, तृतीय पुरुषासाठीही त्याने ‘हाड’च वापरला. पुढे हा शब्द स्वतंत्रपणे वापरायचा थांबला, पण मेला नाही. चाइल्डहुड, प्रीस्टहुड, नाइटहुड यांतला ‘हुड’ तोच. आपण बालपण म्हणतो, पाटीलकी म्हणतो, तिथे ‘पण’ आणि ‘की’ जे काम करतात तेच काम तो आजही करतो आहे.

दुसरा शब्द ‘मॅथ’. मूळ अर्थ माप, प्रमाण. त्यावरून ज्याची त्याची पायरी. मापन, मात्रा यांतला संस्कृत ‘मा’ धातू आणि हा ‘मॅथ’ एकाच कुळातले मानले जातात. अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा, यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याच्याशी जोडला जाणारा एक छोटा मजकूर आहे. त्यात म्हटले आहे की पूर्वी प्रत्येकाला आपापल्या ‘मॅथ’प्रमाणे ‘वेओर्थशिपे’ मिळे. हा दुसरा शब्द म्हणजे आजचा वर्शिप. तेव्हा त्याचा अर्थ पूजा नव्हे, तर मान, योग्यता असा होता. इंग्लंडमध्ये मॅजिस्ट्रेटला आणि मेयरला ‘युअर वर्शिप’ म्हणतात ते या जुन्या अर्थाने.

दर्जा मापाचा म्हणतो तो अगदी शब्दशः. माणूस मारला गेला तर मारेकऱ्याने नातेवाइकांना द्यायची भरपाई म्हणजे ‘वेर्गिल्ड’. यातला ‘वेर’ म्हणजे पुरुष, आपल्या ‘वीर’चा सख्खा भाऊ. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याच्या कायद्यांत साध्या स्वतंत्र शेतकऱ्याचे, म्हणजे ‘चेओर्ल’चे वेर्गिल्ड २०० शिलिंग आणि ‘थेन’ या सरदाराचे १२०० शिलिंग. माणसांना त्या आकड्यांवरूनच नावे पडली होती : दोनशेवाला, बाराशेवाला. न्यायसभेत एका थेनची शपथ सहा चेओर्लांच्या शपथेइतकी धरत. हे वाचून मी कितीतरी वेळ थांबलो होतो. माणसाच्या शब्दालाही दर्जाप्रमाणे वजन, आणि तेही बरोबर त्याच पटीत.

पण ही पायरी जन्मानेच पक्की झाली असे मात्र नव्हते. वुल्फस्टनशी जोडलेला तोच मजकूर सांगतो की चेओर्लकडे स्वतःची पुरती पाच हाइड जमीन (एक हाइड म्हणजे ढोबळमानाने एका कुटुंबाचे पोट भरणारी जमीन), चर्च, स्वयंपाकघर, घंटाघर, वेशीचा दरवाजा आणि राजाच्या दरबारात आसन व काम एवढे असेल, तर तो थेनच्या हक्काला पात्र. ज्या व्यापाऱ्याने स्वखर्चाने तीनदा समुद्र ओलांडला, तोही. वुल्फस्टन हे जुन्या काळाची रीत म्हणून सांगतो, त्यामुळे प्रत्यक्षात किती चेओर्ल असे वर चढले हे यावरून ठरवू नये. तरी अशी कल्पना शब्दांत मांडलेली होती, हे मला मोलाचे वाटते.

आता या माणसांच्या नावांचे पुढे काय झाले ते पाहा. ‘चेओर्ल’चा चर्ल झाला, म्हणजे उद्धट गावंढळ माणूस. त्याच शब्दाचे युरोपातले भावंड मात्र कार्ल हे नाव झाले आणि शार्लमेन (म्हणजे थोर कार्ल) या सम्राटाच्या नावावरून चेक व पोलिश भाषांत ‘राजा’ या अर्थाला पोचले. ‘क्नाफा’ म्हणजे पोरगा. तो घसरत नेव्ह, म्हणजे लबाड झाला. ‘क्निख्ट’ म्हणजेही पोरगा, सेवक. तो चढून नाइट झाला, आणि जर्मनमधला त्याचा भाऊ क्नेख्ट अजून चाकरच आहे.

राहिला ‘एओर्ल’, आजचा अर्ल. आधी याचा अर्थ नुसता कुलीन पुरुष. इंग्लंडवर राज्य करणाऱ्या क्नूट या डॅनिश राजाच्या काळात (१०१६–१०३५) नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतल्या ‘यार्ल’च्या प्रभावाने तो प्रांताधिकाऱ्याचे पद झाला आणि त्याने ‘एआल्डोर्मान’ या त्याच पदाच्या जुन्या नावाला बाजूला सारले; तो बिचारा पुढे नगरपालिकेतला ऑल्डरमन म्हणून उरला. ब्रिटिश उमरावांच्या पाच पायऱ्यांत ड्यूक, मार्क्वेस, व्हायकाउंट आणि बॅरन हे चौघे फ्रेंचमार्गे आले, अर्ल एकटा घरचा. त्याच्या पत्नीसाठी मात्र घरचा शब्द रुळला नाही, म्हणून अर्लची बायको आजही काउंटेस म्हणवते.