डॉलर मोजू नकोस, गोळ्या मोज

प्रिय पोरी,

तुझी एक्सेल शीट मिळाली. नऊ पिस्तुलं, अकरा रकाने. किंमत, वजन, नळीची लांबी, मॅगझीनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या कप्प्यात, किती बसतात, कुणाला किती तारे. शेवटचा रकाना 'काकांचं मत', तो नवाच्या नऊ ओळींत रिकामा. पाठवलीस पहाटे सव्वातीनला, म्हणजे फार्मसीच्या खिडकीमागे बसून, दोन प्रिस्क्रिप्शनांच्या मधे. खाली एकच ओळ : "काका, ग्लॉकच घ्यायला हवं का हो? परवडत नाही, आणि स्वस्तातलं घ्यायची भीती वाटते."

पिस्तूल घ्यावं की नाही हा वाद मी काढणार नाही. पार्किंगमध्ये तुझ्या गाडीची काच फुटली त्या रात्री तू आमच्याकडेच आली होतीस, तेव्हा तो तुझा तुझ्याशी घालून झालाय हे मला ठाऊक आहे. मला राग आलाय तो रकान्यांचा. अकरांतल्या एकातही लिहिलेलं नाही, की महिन्याला मी किती गोळ्या झाडणार आहे. तो बारावा रकाना आधी घाल. डॉलर मोजू नकोस, गोळ्या मोज. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तर चहा करून ये.

आधी ग्लॉकची भीती काढू. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ग्लॉक १७ घेतलं. ते करणाऱ्या गास्टन ग्लॉकनं त्याआधी एकही पिस्तूल केलेलं नव्हतं. पडद्याच्या दांड्या, सैन्यासाठी चाकू असलं त्याच्या कारखान्यात व्हायचं. प्लास्टिकची चौकटसुद्धा त्याची पहिली नव्हे, जर्मनांनी १९७० मध्येच तसं पिस्तूल काढलं होतं. याचं चाललं, कारण भाग थोडे, चिखलपाण्याचं वावडं नाही, आणि भाव पोलीसखात्यांना झेपणारा. तू जिच्यापाशी अडून बसलीयेस ती १९ नंबरची आवृत्ती १९८८ ची : पंधरा गोळ्या, चार इंची नळी, ना फार मोठं ना फार लहान. म्हणजे आज तुला जे महागडं वाटतं ते मुळात स्वस्त नि टिकाऊ म्हणूनच खपलं. कंपनीचं अमेरिकेतलं ठाणं जॉर्जियातल्या आपल्या स्मर्नाला, माझ्या ऑफिसच्या वाटेवर. देऊळ वगैरे नाही तिथे. गोदामासारखी इमारत आहे.

दुकानात ते आज साडेपाचशे-सहाशेला पडतं. तुझ्या यादीतली बहुतेक तीनशे-चारशेत आहेत. समजा अडीचशे डॉलर वाचले. नऊ मिलिमीटरची साधी सरावाची गोळी आजच्या भावात पंचवीस सेंटच्या आसपास जाते. म्हणजे हजार गोळ्या. महिन्याला पन्नासची एक पेटी धरलीस तर वीस महिने. तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपलं. ग्लॉक घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवणारी, आणि तीनशेचं घेऊन हजार गोळ्या झाडलेली, या दोघींत मध्यरात्री कुणाचा हात थरथरणार नाही हे तुला मी सांगायला नको.

तरी ओळी भरतो, नाहीतर म्हणशील काकांनी टाळलं.

डॅगर. शेजारच्या साउथ कॅरोलायनातल्या पामेटो स्टेट आर्मरीचं. ग्लॉकच्या तिसऱ्या पिढीवरची पेटंटं संपली तसे त्या घाटाचं पिस्तूल करायला सगळे मोकळे झाले. ग्लॉक १९ चं मॅगझीन यात बसतं, त्याचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, तेही बहुतेक चालतं. नवख्या माणसाला याची किंमत कळत नाही, पण अडनिड्या पिस्तुलाला धड होल्स्टर मिळत नाही आणि मग माणूस ते पर्समध्ये सुटं टाकतो. सुटं पिस्तूल, किल्ल्या आणि लिपस्टिक. मी पुढे काही बोलत नाही. रुगरनं २०२४ च्या अखेरीला काढलेलं आरएक्सएमही याच घाटाचं, थोडं वरच्या भावाचं. रुगरचंच सिक्युरिटी-९ वेगळ्या जातीचं, आत हातोडी लपवलेली. चांगलं आहे. कॅनिक तुर्कस्तानातल्या साम्सुनचं, त्याचा ट्रिगर लोण्यासारखा, हातात घेतलंस की तेच आवडणार, आणि म्हणूनच ते शेवटी हातात घे. सीझेडचं पी-१० सी मला मनापासून आवडतं, पण ते ग्लॉकच्या भावाजवळ जातं, मग काटकसर कसली? टॉरस तू लाल रंगात रंगवलंयस. त्यांच्या काही जुन्या मॉडेलांवर, हातातून पडलं तर गोळी उडते म्हणून, सामूहिक दावा झाला होता आणि कंपनीनं तडजोड केली. हे खरं. तुझ्या यादीतलं जी३सी त्यानंतरचं. २०१९ मध्ये त्यांनी अमेरिकेतला कारखाना आपल्याच राज्यात, बेनब्रिजला आणला. लाल काढ, पिवळं कर.

सातव्या ओळीत मात्र तू सपशेल फसलीयेस. पोलिसांनी वापरून परत केलेलं ग्लॉक २२, "अस्सल ग्लॉक, तेही इतक्या स्वस्तात!" अगं, ते पॉइंट चाळीसचं आहे, म्हणजे नऊ मिलिमीटरहून जाड गोळीचं. एफबीआय दहाएक वर्षांपूर्वी चाळीस सोडून पुन्हा नऊ मिलिमीटरकडे वळली, मागोमाग पोलिसांची खातीच्या खाती वळली, आणि जुनी पिस्तुलं बाजारात आली. म्हणून स्वस्त. पिस्तूल खणखणीत आहे, त्यात खोट नाही. पण त्याची गोळी महाग आणि धक्का जास्त. तू महिन्याला पन्नासच्या ऐवजी तीस झाडशील, मग वीस, मग "पुढच्या महिन्यात बघू". नाव विकत घ्यायचं आणि सराव विकून टाकायचा. गोळ्या मोज, म्हणतो ते याचसाठी.

आणि आठव्या ओळीतली ती गुलाबी छोटी रिव्हॉल्व्हर कुणी सुचवली? काउंटरवरच्या माणसानं ना? बाई दिसली की त्यांचा हात आपोआप त्या कपाटाकडे जातो. हलकं पिस्तूल हाताला जास्त मारतं, हे त्याला माहीत असतं. खोड ती ओळ.

आता मी हे कुठून बोलतोय ते सांगतो. काकू तुला कधी सांगणार नाही, आणि मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२०११ मध्ये मी पहिलं पिस्तूल घेतलं. बाराशे डॉलरचं. मी आयुष्यभर स्वस्तातलं घेत आलेला माणूस, डोंबिवलीच्या खोलीत तिघांत एक कंपासपेटी वापरलेला. म्हटलं एकदा तरी उत्तम घ्यायचं. चामड्याचं होल्स्टर, साफसफाईचा लाकडी डबा, सगळं. तीन वर्षांत गोळ्या झाडल्या दोन पेट्या. शंभर. पिस्तूल पुसायचो मात्र दर रविवारी, देवाची चांदी पुसावी तसं.

अशाच एका रविवारी जेवणाच्या टेबलावर फडकं पसरलं. आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली, चेंबरमधली, म्हणजे नळीच्या तोंडाशी झाडायला तयार बसलेली गोळी टुणकन बाहेर पडली, ती मी टेबलावर उभी ठेवली. मग मॅगझीन काढलं. झालं, रिकामं. नळी भिंतीकडे करून स्प्रिंग सैल करायला ट्रिगर ओढला. चूक तुझ्या लक्षात आली? एव्हाना यायला हवी. मॅगझीन आत असताना स्लाइड ओढली की एक गोळी बाहेर पडते आणि मागे सोडली की दुसरी आत चढते. आधी मॅगझीन, मग स्लाइड. हा क्रम दोन शब्दांचा आहे आणि मला तो येत होता. डोक्याला येत होता, हाताला येत नव्हता.

कान सुन्न झाले. भिंतीला बोटभर भोक, पलीकडे पँट्री. गोळी सोना मसुरीच्या वीस पौंडी पिशवीत जाऊन थांबली आणि फरशीवर तांदळाची बारीक धार लागली होती, वाळूच्या घड्याळासारखी. काकू स्वयंपाकघरातून आली. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "पोरगा कुठाय?"

पोरगा वरच्या खोलीत हेडफोन लावून बसला होता. तांदूळ फेकून दिले. भोक मी त्याच रात्री बुजवलं, रंग अजून जुळलेला नाही. तुला पँट्रीच्या दाराशी जो फिकट चौकोन दिसतो तो तो. तू एकदा विचारलं होतंस, मी म्हटलं होतं, तिथे कॅलेंडर होतं.

पिस्तूल विकलं. वर्षभर हात लावला नाही. मग तीन दिवसांचा वर्ग केला आणि स्मिथ अँड वेसनचं एसडी९ घेतलं, तुझ्या पाचव्या ओळीतलं, ज्याच्यापुढे तू 'ट्रिगर जड, लोक नावं ठेवतात' लिहिलंयस. ठेवू देत. माझ्या घाबरलेल्या बोटाला जड ट्रिगरच हवा होता. तेव्हापासून वही आहे माझी : तारीख, किती झाडल्या, किती अडकल्या. काकू तिला किराणा दुकानदाराची वही म्हणते. आजवर अकरा हजार चारशे पन्नास. आमच्या क्लबातले लोक दर दिवाळीला विचारतात, आता तरी बरं घे. मी घेत नाही. त्याला चिक्कूपणा म्हणोत. तू म्हणशील, तुमच्या एका रविवारचं प्रायश्चित्त मी का करू? असेलही तसं. पण ज्या माणसानं बाराशे आणि तीनशे दोन्ही वापरून बघितलंय त्याचं ऐकायचं, की ज्यानं तारे दिलेत त्याचं?

तुझ्या यादीतली बरीच पिस्तुलं, स्वतः ग्लॉकसुद्धा, उघडून साफ करायची तर आधी ट्रिगर ओढावा लागतो. म्हणून क्रम : मॅगझीन बाहेर, स्लाइड तीनदा, चेंबरमध्ये नजर, मग करंगळीनं चाचपणी. दिव्याखाली, दर वेळी, मी शेजारी असलो तरी. घरी रिकाम्या पिस्तुलानं सराव फुकट होतो, रोज दहा मिनिटं, पण खऱ्या गोळ्या तेव्हा दुसऱ्या खोलीत.

वाचलेल्या पैशातले सगळे गोळ्यांत घालू नकोस, शंभरेक तिजोरीच्या डब्याला ठेव, बोटांनी बटणं दाबून उघडणाऱ्या. ही चैन नव्हे. तुझी रूममेट अजून एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर फेडरल कायदा तिला पिस्तूल जवळ बाळगू देत नाही. तुझं ग्रीन कार्ड आलं, तुझा प्रश्न मिटला; तिचा नाही. डब्याचा आकडा तिला कळता कामा नये, मैत्री कितीही असो. २०२२ पासून जॉर्जियात पिस्तूल जवळ घेऊन फिरायला परवाना लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं सगळंच सैल आहे. तसं नाही.

डब्याचं दुसरं कारण लिहायला जड जातंय. २०२१ मध्ये या देशात बंदुकीनं अठ्ठेचाळीस हजारांवर माणसं गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हातानं. गेल्या वर्षीचे तुझे ते चार महिने मी विसरलेलो नाही. तसे दिवस पुन्हा आले तर फोन कर, रात्री कितीही वाजता. मी येऊन डबा घेऊन जाईन. एक शब्द विचारणार नाही, चहा मात्र घेईन.

आणि हो, "काका, तुमची ओळख आहे तर तुम्हीच घ्या, मी पैसे देते," हे पुन्हा बोलू नकोस. बंदूक घेताना दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर स्पष्ट विचारतात, की खरा खरेदीदार तूच का? तुझ्या पैशानं तुझ्यासाठी मी सही केली तर तो फेडरल गुन्हा आहे. इतकी वर्षं या देशात टॅक्ससुद्धा वेळेवर भरलाय मी. तू जा, तू सही कर. मी शेजारी उभा राहीन आणि काउंटरवरचा गुलाबी कपाटाकडे वळला की खोकेन.

त्याआधी शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर ये, सव्वाआठला, गर्दी व्हायच्या आत. तिथे पिस्तुलं भाड्यानं मिळतात. ग्लॉक १९, डॅगर, सिक्युरिटी-९ आणि माझं म्हातारं, चारही झाडून बघ. कुठल्याचा भाव काय ते मी त्या दिवशी सांगणार नाही, कागदावरची भोकं मोजू. तुझा हात लहान आहे; बोट ट्रिगरवर कितपत पोचतं आणि स्लाइड कुणाच्या मदतीशिवाय ओढता येते का, हे कुठल्याच रकान्यात मावत नाही. कानाला लावायचं आणि चष्मा मी आणतो. खायला काही आणू नकोस, गोळ्यांचं शिसं लागलेल्या हातानं खायचं नसतं, घरी येऊन हात धुऊन काकूचे पोहे खाऊ. आणि गळाबंद टी-शर्ट घाल. रिकामं काडतूस तापलेलं असतं, ते उडून नेमकं गळ्यात शिरतं आणि माणूस जागच्या जागी नाचायला लागतो. हातात पिस्तूल असताना नाचायचं नसतं.

तुझा,
काका