फायनल इयर प्रोजेक्टचे गट व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन पाडावेत का?

गट पाडण्यासाठी नको, गट पडल्यावर आपसांत बोलण्यासाठी जरूर घ्या. एमबीटीआय या लोकप्रिय व्यक्तिमत्त्व चाचणीचे १६ प्रकार आकर्षक वाटतात, पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकांचा प्रकार बदलतो. त्यापेक्षा स्वभावाचे पाच पैलू मोजणारी बिग फाइव्ह चाचणी भरवशाची. तिच्यातला कर्तव्यदक्षपणा नीट बघा. बाकी सगळे मेहनती असले तरी एकच चालढकल करणारा अख्ख्या गटाला मागे खेचू शकतो.

प्रेरणेचं मात्र थेट विचारा. कोणाला नुसतं पास व्हायचंय, कोणाला प्लेसमेंटच्या मुलाखतीत दाखवायला काम हवंय, हे पहिल्याच बैठकीत कळलं तर पुढची बरीच भांडणं टळतात. आणि उत्तरं सरांकडे जाणार म्हटलं की मुलं खरं लिहीत नाहीत, म्हणून निकाल ज्याचा त्याच्याकडेच राहू द्या.