दिवसाच्या उजेडाचे इंग्रजी शब्द: नव्या अभ्यासकासाठी

डॉन आणि डस्क, म्हणजे पहाटेचे फटफटणे आणि तिन्हीसांज, हा भेद आपण आधी पक्का करावा. ट्वायलाइट हा शब्द दोन्ही वेळांना चालतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांपर्यंत असतानाच्या उजेडाला सिव्हिल ट्वायलाइट म्हणतात. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथे सूर्य मावळताच अंधार लवकर दाटतो, तर इंग्लंडमधील उन्हाळी सांज बराच वेळ रेंगाळते; म्हणूनच तिकडच्या लेखनातील लांबलचक ट्वायलाइट आपल्याला अनोळखी वाटतो.

खरी मेख वाक्प्रचारांत आहे. इन ब्रॉड डेलाइट म्हणजे दिवसाढवळ्या, हे सरळ आहे. परंतु डेलाइट रॉबरी म्हणजे बहुधा चोरी नव्हे, तर अवाच्या सवा किंमत. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, एखाद्या छत्रीचा दुप्पट भाव सांगितला गेला, तर तिथे हाच वाक्प्रचार शोभेल. स्केअर द लिव्हिंग डेलाइट्स आउट ऑफ समवन म्हणजे एखाद्याची घाबरगुंडी उडवणे. यातील अनेकवचन कृपया गाळू नये, कारण जुन्या बोलीत डेलाइट्स म्हणजे डोळे. सी डेलाइट म्हणजे न उलगडणारी गोष्ट उमजू लागणे. आपले ‘डोक्यात उजेड पडणे’ त्याच्या जवळचे असले, तरी त्यातला टोमणा इंग्रजीत नाही.