मटकी काढा, समुद्रफेस लावा

प्रश्न : ताई, नातवाच्या हट्टापायी दीड वर्षापूर्वी लव्हबर्डची जोडी घेतली. एक निळा, एक हिरवी. हिरवीने आतापर्यंत तीनदा अंडी घातली, पिल्लं एकदाच जगली. परवाचं अंडं तर कातड्यासारखं मऊ निघालं, बोट लावलं तर दबलं. पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, आत मटकी टांगली आहे. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे राळे घालते, वाटी कधी रिकामी ठेवत नाही. अधूनमधून दूधभात. तिला अशक्तपणा आलाय का? एखादं टॉनिक सुचवा.
– एक आजी, चिंचवड

उत्तर : काकू, टॉनिक नको, आधी ती मटकी काढायची आहे. पण लगेच नाही, कशी काढायची ते सांगते.

आपल्या बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात ते बहुतेक वेळा बजरीगार असतात, घरोघरी ज्यांना बजी म्हणतात ते. हे मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानावरचे. तिथे पाऊस कधी पडेल याचा भरवसा नाही. पडला की गवताला बी धरतं, मग झाडाच्या ढोलीत शिरून ही पाखरं घाईघाईने वीण उरकतात. आता तुमच्या खिडकीकडे तिच्या डोळ्यांनी बघा. दाणे भरपूर, पाणी रोजचं, नर शेजारी, आणि ढोलीच्या जागी मटकी. तिच्या लेखी तुमच्याकडे बारमाही पावसाळा लागलाय. ती अंडी घालणार नाही तर काय करणार?

अंड्याचं कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम. खाण्यातून मिळालं नाही की ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. तीन विणींनंतर देण्यासारखं फारसं उरलेलं नाही, हे मऊ अंड्याने तुम्हाला सांगितलं. पुढचं अंडं आत अडकू शकतं, कारण ते बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं. म्हणून या आठवड्यातच तिला पाखरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. आणि ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, कुंथायला लागली, श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलू लागली, तर आठवडा सोडा, तासाभरात निघा. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून एका कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा. पोट दाबायचं नाही, तेल सोडायचं नाही.

आता मटकी. अंडी असताना ती उचललीत तर बाई भरपाई म्हणून पुन्हा घालायला बसेल. धड अंडी राहू देत. अठरा-वीस दिवसांत काही निघालं नाही की तिचाच रस संपतो, ती बाहेर राहू लागते. मग मटकी काढा आणि पुन्हा लावू नका. संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर सुती कापड टाका, सकाळी सातला काढा. रात्री अकरापर्यंत टीव्हीच्या उजेडात बसलेल्या पाखराला उन्हाळ्याचे लांब दिवस वाटत राहतात आणि वीण थांबत नाही.

राळे वाईट नाहीत, नुसते राळे वाईट. त्यात कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. शेवग्याचा कोवळा पाला धुऊन, पाणी न निथळताच, चिमट्याने जाळीला लावा. मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर चालेल. पालक क्वचित, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. चार-पाच दिवस दोघं त्या पाल्याकडे साप बघावा तसं बघतील. तुम्ही समोर बसून एखादं पान चावून दाखवा, मी खरंच तसं करते. पहिल्या दिवशी बहुधा खात नाहीत, ओल्या पानांत अंग घासून आंघोळ करतात. तेही बरंच आहे. मोड आलेली कडधान्यं एरवी उत्तम, पण वीण थांबेपर्यंत नको, मऊ अन्नाने तिला पुन्हा उमेद येते. दूधभात कायमचा बंद. पाखरांना दूध पचत नाही.

काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. माकुलाच्या जातीतल्या प्राण्याच्या आतलं ते पांढरं, हलकं कवच. त्याची मऊ बाजू आत करून पिंजऱ्याला बांधा. कोकणात किनाऱ्यावर सापडलेला असेल तर दोन दिवस गोड्या पाण्यात भिजवून उन्हात खडखडीत वाळवा. मात्र कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही. सकाळी वीसेक मिनिटं पिंजरा गॅलरीत, अर्ध्या भागावर सावली, आणि तुम्ही शेजारी. कावळा टपलेलाच असतो.

तुमच्या पत्रातल्या 'वाटी कधी रिकामी ठेवत नाही' या वाक्याने मला धस्स झालं. माझी पहिली जोडी होती तेव्हा गणपतीला चार दिवस गावी गेले. शेजारच्या वहिनी रोज येऊन बघून जात. वाटी काठोकाठ दिसायची, म्हणून त्यांनी दाणे घातले नाहीत. परत आले तेव्हा नर तळाशी निपचित पडला होता. मी वाटीवर फुंकर मारली तर सगळं उडून गेलं, नुसती फोलपटं. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. चूक वहिनींची नव्हती, मी सांगितलंच नव्हतं. तेव्हा रोज सकाळी फुंकर मारा, मग वाटी भरली आहे की नाही ते ठरवा. टॉनिकचे थेंब पाण्यात टाकू नका, किती पोटात गेले कळत नाही आणि चव बदलली की पाणी पिणं कमी होतं.

पिंजरा स्वयंपाकघरातून आजच हलवा. नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणारा धूर आपल्याला जाणवतही नाही, पाखरू काही मिनिटांत मरतं. डासांची कॉइल आणि धूपही लांब. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा असू दे, ते आडवं उडतात. प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या जाडबारीक फांद्या लावा. साल सोलण्यातच त्यांचा दिवस जाईल.

प्रश्न : वादळात अंगणात रानपोपटाचं पिल्लू पडलं. मुलं म्हणतात पाळूया. काय खायला घालू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पाळू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे. ढोली दिसत असेल आणि हात पोचत असेल तर पिल्लू परत ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देत नाहीत. ते जमत नसेल किंवा जखम असेल तर खोक्यात फडकं घालून उबेत, अंधारात ठेवा, चोचीत दूधपाणी ओतू नका आणि वनविभागाला १९२६ वर फोन लावा.